टोकातलं पितळ

थोरलीच्या कारखान्यातून वाकडी वस्तू बाहेर जात नसे. कारखाना हा शब्द जरा मोठाच झाला. ती एक लांबट खोली होती. खिडकीखाली लेथ, भिंतीला लागून अर्ध्या मापाचं एक पूलचं टेबल, आणि छताला दोऱ्यांनी टांगलेली, अजून काहीच न झालेली चाळीस-पन्नास लाकडं. पूल खेळायचे क्यू, म्हणजे बॉल मारायच्या लांब काठ्या, ती बनवत असे. लाकूड एकदम सोललं की रुसतं आणि वाकतं. म्हणून ते थोडं सोलायचं, महिनाभर टांगायचं, पुन्हा थोडं सोलायचं. एका क्यूला वर्ष लागे. गिऱ्हाईक फारच मागे लागलं तर ती सांगायची, "घाई असेल तर झाडूचा दांडा घेऊन जा, तो तयार आहे."

तयार क्यू ती जाड काचेवर लोळवायची आणि खाली वाकून, एक डोळा मिटून, क्यू आणि काच यांच्यामधल्या उजेडाची रेघ बघायची. रेघ केसभर हलली तरी क्यू मोडून चुलीत. गावातल्या पूलच्या हॉलवर खेळणारे चेष्टेने म्हणायचे की थोरलीकडे जाताना आधी स्वतःची पाठ सरळ करून घ्यावी. तिला हे कळायचं आणि आवडायचंही.

हा धंदा बाबांचा. ते जाऊन नऊ वर्षं झाली होती. बाबांचं एक म्हणणं होतं की अर्धा क्यू लेथवर होतो आणि उरलेला अर्धा खेळणाऱ्याच्या हातात. थोरलीला ते वाक्य पाठ होतं, पण पटलेलं नव्हतं. खेळणाऱ्याचा हात कसाही असो, क्यू आपल्या जागी सरळ असला की झालं, असं तिचं मत. या एका मताच्या जोरावर तिने नऊ वर्षं नाव टिकवलं होतं, त्यामुळे ते चूक असेल अशी शंका तिला येण्याचं कारण नव्हतं.

एका रविवारी सकाळी तिचा भाऊ आला. घरात तो धाकटा, आणि एक्केचाळीस वर्षांचा झाला तरी धाकटाच. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम तो करायचा आणि संध्याकाळी हॉलवर खेळायचा. त्याने काखेतली पिशवी टेबलावर ठेवली आणि क्यू बाहेर काढला.

"ताई, हा खडखडतोय."

तो बाराचा असताना बाबांनी त्याला बनवून दिलेला हा क्यू. मधला सांधा दोनदा बदलला होता, पकडीवरची दोरी पाच-सहादा, चामड्याची टिप तर मोजायलाच नको. टिपेच्या खाली जी बोटभर पांढरी नळी असते, तिला मात्र एकोणतीस वर्षांत कोणी हात लावला नव्हता. आता तिला बारीक तडा गेला होता.

"मंगळवारी ने," थोरली म्हणाली.

"मंगळवारी नक्की. रविवारी मॅच आहे."

मॅच कसली ते थोरलीला माहीत होतं. जिंकणारा शहराच्या संघात जाणार होता. धाकटा याच मॅचमध्ये दोनदा हरला होता. या खेपेला त्याने घरी सांगून टाकलं होतं की जमलं तर जमलं, नाहीतर क्यू कायमचा खुंटीला. भावजयीला ते खरं वाटत नव्हतं, पण थोरलीला वाटत होतं. धाकटा लहानपणापासून बोलेल ते करणारा होता. म्हणून तर तो पडला होता.

ती गोष्ट अशी. धाकटा बाराचा आणि थोरली सोळाची असताना ती एकदा त्याला म्हणाली होती, वरची फळी काढ बघू, हिंमत असेल तर. तो लाकडाच्या रचलेल्या ढिगावर चढला आणि फळीसकट खाली आला. उजवं कोपर मोडलं. जुळलं, पण आजही तो हात पूर्ण सरळ होत नाही. धाकट्याला त्याचं दुःख नव्हतं, उलट ती त्याची फुशारकी होती. हॉलवर कोणी नवा खेळाडू रडगाणं गाऊ लागला की हा बाही वर करून कोपर दाखवायचा. "हे बघ. डॉक्टर म्हणाले होते, या हाताने लिहिता आलं तरी खूप. मी घासून घासून सरळ केला." फळी काढायला कोणी सांगितलं होतं, हे मात्र त्याने कधी कोणाला सांगितलं नाही. थोरलीनेही नाही.

त्या दुपारी थोरलीने तडकलेली पांढरी नळी लेथवर हलकेच कापून काढली, आणि आत तिला पितळ दिसलं. पांढऱ्या नळीच्या पोटात दुसरी एक पातळ पितळी नळी बसवलेली होती, वजनाला एखाद्या छोट्या किल्लीएवढी. एका टोकाला कानशीचे ओबडधोबड ओरखडे. थोरलीने ती उजेडात धरली आणि चुकचुकली. क्यूच्या टोकाला पितळ घालणं म्हणजे धावणाऱ्याच्या बुटात खडे घालणं.

कारण असं आहे. पांढऱ्या बॉलला मधोमध मारलं तर टोक जड असो की हलकं, फरक पडत नाही. पण बॉलच्या कडेला मारायचं झालं, फिरकी द्यायची झाली, की फरक पडतो. गर्दीत हलक्या माणसाला धक्का लागला तर तो स्वतः बाजूला होतो, जाडजूड माणूस मात्र दुसऱ्याला बाजूला करतो. टोक हलकं असेल तर तेच बाजूला सरकतं आणि बॉल क्यूच्या दिशेने जातो. टोक जड असेल तर ते बॉललाच ढकलतं. डावीकडे मारावं आणि बॉल उजवीकडे सरकावा. अशा काठीने भाऊ एकोणतीस वर्षं खेळला, म्हणजे दर वेळी ती चूक मनात धरून नेम लावत असणार. थोरलीला त्याची कीव आली आणि थोडा अभिमानही वाटला. बाबांचं तिला नवल वाटलं नाही. तेव्हा चांगला माल मिळत नसेल, हाताला लागलं ते लावलं असेल.

तिने पितळ काढलं, हलकी, पोकळ, नव्या पद्धतीची नळी बसवली, आणि भावाला ताकास तूर लागू दिली नाही. आधी सांगितलं असतं तर त्याने नको म्हटलं असतं. जिंकून आला की पितळ त्याच्या हातावर ठेवायचं आणि म्हणायचं, हे बघ काय घेऊन फिरत होतास. हे वाक्य तिने मंगळवारपर्यंत दोनदा मनात म्हणून पाहिलं. पितळ स्क्रूच्या खणात टाकलं.

गुरुवारी संध्याकाळी धाकटा दुकानातून परस्पर आला. त्याचा चेहरा पाहून थोरलीने लेथ बंद केला.

"क्यूचं काहीतरी बिघडलंय," तो म्हणाला.

"काय बिघडलंय?"

"बॉल जातच नाहीत. काल चार फ्रेम हरलो. तेही कोणाशी, तर हॉलवाल्याशी."

हॉलवाला हॉल चालवायचा, खेळायचा मात्र माशा मारल्यासारखा. थोरलीने क्यू जोडला, काचेवर लोळवला आणि भावालाही वाकून बघायला लावलं. रेघ हलली नाही.

"नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणाली. "नव्या टोकाची सवय व्हायला चार दिवस लागतात. फिरकी देताना आता नेम सरळ धर, एवढंच."

"फिरकीचं सोड. साधा सरळ बॉल जात नाही."

यावर ती हसली नाही. बाबांची एक जुनी पद्धत होती. टेबलाच्या मधोमध लांबीत दोरा ताणायचा आणि दोऱ्याखालून पांढरा बॉल सरळ मारायचा. बॉल पलीकडच्या कडेवर आपटून त्याच दोऱ्याखालून परत आला पाहिजे. थोरलीने दोरा बांधला. धाकट्याने खडू लावला, वाकला, मारलं. बॉल दोऱ्याच्या डावीकडून परत आला, चार बोटं लांब. पुन्हा मारला. पुन्हा डावीकडे चार बोटं. दहादा मारला आणि दहादा तेच झालं.

धाकट्याने क्यू टेबलावर आडवा ठेवला. एवढा हळू ठेवला की आवाजसुद्धा झाला नाही.

"क्यू सरळ आहे ना?"

"सरळ आहे."

"मग हात गेला." तो कोपर चोळत होता. "डॉक्टर म्हणालेच होते, चाळिशीनंतर त्रास देईल. मला वाटलं मी त्याला हरवलं. ठीक आहे. उद्या सकाळी दुकानात पोचलो की हॉलवाल्याला फोन करून नाव काढून घेतो."

"अरे, पण..."

"राहू दे, ताई. क्यू इथेच ठेव, भिंतीला छान दिसेल."

तो गेला. थोरली तशीच उभी राहिली. मग तिने त्याचा क्यू उचलला आणि स्वतः दहा वेळा दोऱ्याखालून बॉल मारला. दहाच्या दहा दोऱ्याखालून परत आले. क्यूत खोट नव्हती. दुसरी एखादी असती तर इथे हात झटकून मोकळी झाली असती, आणि थोरलीलाही क्षणभर तेच वाटलं.

पण तिला एक गोष्ट खटकत होती. गेलेला हात दहा बॉल दहा ठिकाणी पाठवतो. धाकट्याचे दहाही एकाच जागी गेले होते, चार बोटं डावीकडे. हा हात गेलेला नव्हता, हा हात पक्का होता. फक्त तो शेवटच्या क्षणी डावीकडे ओढत होता, दर वेळी तेवढाच. कोपर सरळ होत नाही, म्हणून ते वळतं. हे काल सुरू झालेलं नव्हतं. हे लाकडाच्या ढिगावरून पडल्या दिवसापासूनचं होतं.

मग एकोणतीस वर्षं बॉल सरळ कसे गेले?

भिंतीवर बाबांचे जुने क्यू टांगलेले होते. मागच्या दांड्यावर बाबा साल कोरून ठेवत. थोरलीने धाकट्याच्या क्यूच्याच सालचा एक काढला, लेथला लावला आणि बाबांच्या हातची शाबूत नळी मन घट्ट करून कापली. आत साधं लाकूड होतं. त्याच सालचा दुसरा कापला. त्यातही लाकूड. पितळ एकाच क्यूत होतं.

तेव्हा तिला ते आठ दिवस आठवले. धाकट्याचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. बाबा त्याला या टेबलाशी उभं करत, दोरा बांधत, एक बॉल मारायला लावत, मग क्यू हातातून घेऊन आत काहीतरी कानशीने घासत आणि परत देत. पुन्हा मार. पुन्हा घासायचं. आठ दिवस हेच चाललं होतं. सोळा वर्षांची थोरली दारात उभी राहून बघायची आणि तिला वाटायचं, बाबांना एवढा साधा क्यू जमत कसा नाही. नवव्या दिवशी बॉल दोऱ्याखालून परत आला. बाबा म्हणाले, "झाला बरं तुझा हात सरळ." पोरगं नाचत सगळ्या गल्लीला सांगत सुटलं.

हात झालाच नव्हता सरळ. हात डावीकडे ओढायचा, टोक बॉलच्या डाव्या अंगाला लागायचं, आणि जड टोक बॉलला तेवढंच उजवीकडे ढकलायचं. दोन वाकडी मिळून एक सरळ. कानशीचे ते ओबडधोबड ओरखडे म्हणजे एका पोराच्या कोपराचं माप होतं. पोराला नाचता यावं म्हणून बाबांनी अंगणच बेतून वाकडं केलं होतं आणि मूग गिळून बसले होते. पोराला तो अधू आहे हे कळू नये म्हणून. आणि पोरीला, हे थोरलीला आता लख्ख कळलं, आपण भावाचं काय करून ठेवलं ते रोज डोळ्यांसमोर दिसू नये म्हणून. बाबांनी तिला कधी एका शब्दाने विचारलं नव्हतं की फळी काढायला कोणी सांगितलं. तिला वाटत आलं होतं की त्यांना माहीत नसेल.

थोरली स्टुलावर बसली आणि रडली. रडण्याचा तिला सराव नसल्यामुळे ते लवकर आटोपलं. मग तिने स्क्रूचा खण उघडला.

पितळ बसवायला तासही लागला नाही. आधी पितळ, त्यावर नवी पांढरी नळी, जुन्या जाडीची. गोंद वाळायला मात्र एक दिवस हवा होता. अवघड प्रश्न दुसराच होता, धाकट्याला सांगायचं काय. खरं सांगावं, तर ज्या एका गोष्टीची त्याला आयुष्यभर घमेंड होती, ती काढून घेतल्यासारखं होणार. तू हात सरळ केला नाहीस, बाबांनी काठी वाकडी केली. उद्या तो क्यू हातात धरेल तेव्हा त्याला बॉल दिसणार नाही, पितळ दिसेल. न सांगावं, तर काचेवर लोळवून दाखवलेला सरळ क्यू एका दिवसात बिघडलेला कसा, याला उत्तर हवं. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण ती झाकायला कोणाचा तरी हात लागतो.

शुक्रवारी चष्म्याचं दुकान उघडायच्या वेळी थोरली दाराशी उभी होती. धाकट्याने तिला बघितलं आणि गोंधळून किल्ली उलटी घातली.

"फोन केलास?" तिने विचारलं.

"अजून नाही."

"करू नकोस. चूक माझी होती. टोकाची नळी मी वाकडी बसवली."

धाकटा तिच्याकडे बघतच राहिला. "तू?"

"मी."

"पण काचेवर तर सरळ..."

"काचेवर बाहेरचं दिसतं. आतलं भोक तिरकं पडलं होतं. घाई केली मी." घाई हा शब्द तिने स्वतःबद्दल जन्मात वापरला नव्हता. "काल उघडून बघितलं तेव्हा कळलं. पुन्हा बसवलीय. संध्याकाळी ये."

धाकट्याने खुर्ची ओढली आणि बसला. आधी तो हसला, बराच वेळ. मग चिडला. "दोन रात्री मी झोपलो नाही, ताई. बायकोला म्हटलं, माझा हात संपला. आणि तुझं भोक तिरकं!"

"हो. बोल, काय बोलायचं ते बोल."

तो बोलला. थोरलीने ऐकून घेतलं. काचा तपासायला आलेलं एक गिऱ्हाईकही शेवटपर्यंत ऐकत उभं होतं.

संध्याकाळी धाकट्याने दोऱ्याखालून पहिला बॉल मारला. बॉल गेला, आपटला आणि दोऱ्याखालून टिपेपाशी परत आला. दुसरा मारायची गरज नव्हती, पण त्याने वीस मारले. थोरली लेथ पुसत होती. तिने मान वर करून बॉलकडे बघितलं नाही, कोपराकडे बघितलं. दर वेळी शेवटच्या क्षणी ते हळूच वळत होतं. एकदा दिसल्यावर ते न दिसणं आता शक्य नव्हतं.

रविवारची मॅच नऊ फ्रेमची होती. समोरचा खेळाडू वयाने अर्धा आणि चांगला होता. धाकटा पाच-चारने जिंकला. शेवटचा बॉल लांब, कडेला चिकटलेला, फिरकी देऊनच जाणार होता. तो गेला. भावजय डोळे मिटून बसली होती, तिला शेजारच्या बाईने हलवून सांगावं लागलं. हॉलवाल्याने सगळ्यांना चहा पाजला आणि बुधवारी धाकट्याला हरवणारा एकमेव माणूस आपण, हे प्रत्येक कपाबरोबर सांगितलं.

चहा पिताना बुधवारचा विषय निघालाच. धाकट्याच्या पोटात काही राहायचं नाही. त्याने सगळ्यांना रंगवून सांगितलं की हात गेला म्हणून आपण नाव काढून घेणार होतो, आणि निघालं काय, तर थोरलीने नळी वाकडी बसवलेली. लोक हसले. थोरलीसुद्धा चूक करते, ही बातमी त्यांना मॅचपेक्षा मोठी वाटली. ज्याचा क्यू वर्षभर तिच्या छताला टांगलेला होता, तो एकजण पुढे आला आणि अदबीने म्हणाला की त्याचा तयार झाला की काचेवर दोनदा लोळवून बघाल ना. थोरली म्हणाली, बघेन.

धाकट्याने बाही वर करून समोरच्या तरुण खेळाडूला कोपर दाखवलं, घासून घासून कसं सरळ केलं ते सांगितलं. मग तो बहिणीकडे वळला. जिंकल्यामुळे त्याला माया आली होती आणि थोडं वाईटही वाटत होतं.

"मनावर घेऊ नकोस, ताई. कोणाच्याही हातून होतं." त्याने क्यूच्या टोकावरून अंगठा फिरवला. "पण एक सांगू? बाबा असते ना, तर अशी चूक झाली नसती."

थोरलीने कप खाली ठेवला.

"नसती झाली," ती म्हणाली.